लाँग रनचा वेग कोणता असावा?

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नागपुरात सप्टेंबरपासून तयारीला लागणाऱ्या हौशी धावपटूंना एक प्रश्न हमखास पडतो. रविवारी पहाटे जे मोठे अंतर धावायचे, ज्याला आपण सगळे लाँग रन म्हणतो, ते नेमके किती वेगाने धावावे? शर्यत ज्या वेगाने धावायची आहे, सरावही त्याच वेगाने करावा, हे उत्तर चटकन सुचते आणि पटण्याजोगेही वाटते. परंतु ते बरोबर नाही, आणि ते का बरोबर नाही हे आज जरा सविस्तर सांगायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. नोकरी, व्यवसाय, घरसंसार सांभाळून धावणाऱ्या माणसाने आठवड्यातले बहुतेक धावणे, आणि लाँग रन तर नक्कीच, शर्यतीच्या वेगापेक्षा स्पष्टपणे संथ ठेवले पाहिजे.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. ते ५ तासांत पूर्ण करायचे तर प्रत्येक किलोमीटरला सरासरी ७ मिनिटे ७ सेकंद मिळतात, साडेचार तासांत करायचे तर ६ मिनिटे २४ सेकंद, आणि ४ तासांत करायचे तर ५ मिनिटे ४१ सेकंद. शर्यतीच्या या वेगापेक्षा लाँग रन किलोमीटरमागे पाऊण ते एक मिनिट संथ असावा, असा बहुतेक जाणकार प्रशिक्षकांचा सल्ला असतो. म्हणजे ५ तासांचे उद्दिष्ट ठेवणाऱ्याने रविवारी किलोमीटरला ८ मिनिटांच्या आसपास धावायचे. हा आकडा ऐकून अनेकांचा चेहरा उतरतो, कारण त्या वेगात आपण काही करतो आहोत असेच त्यांना वाटत नाही. प्रत्यक्षात शरीरात त्या वेळी बरेच काही घडत असते.

धावताना स्नायूंना दोन प्रकारचे इंधन मिळते. एक म्हणजे स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली शर्करा, आणि दुसरे म्हणजे चरबी. ग्लायकोजेन हे घरात दळून ठेवलेल्या पिठासारखे आहे; ते लगेच वापरता येते, पण डबा लहान असतो. चरबी हे कोठीतले धान्य आहे. ते भरपूर असते, पण दळून आणायला वेळ लागतो. ग्लायकोजेनच्या साठ्यातून साधारणपणे २,००० किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर धावण्यासाठी दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे १ किलोकॅलरी खर्च होते. ६० किलो वजनाच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी अडीच हजारांच्या वर ऊर्जा लागते. तीस-बत्तीस किलोमीटरच्या पुढे पाय अचानक शिशासारखे जड होतात, डोके सुन्न होते आणि धावणारा माणूस चालू लागतो, त्यामागचे एक मोठे कारण या हिशेबात आहे. वेग जितका जास्त, तितका शर्करेचा वाटा वाढतो. वेग कमी ठेवला की चरबीचा वाटा वाढतो. आठवड्यामागून आठवडे संथ गतीने दीर्घ काळ धावल्यावर स्नायूंमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाची संख्या आणि क्षमता वाढते, आणि पूर्वीपेक्षा वेगाने धावतानाही शरीर चरबी अधिक वापरू शकते. शर्यतीच्या दिवशी जो वेग टिकतो, त्याचा पाया असा घातला जातो.

या बदलांसाठी दमछाक होण्याची मुळीच गरज नसते, त्यासाठी वेळ मात्र द्यावा लागतो. उलट दर रविवारी शर्यतीच्या वेगाने २५-३० किलोमीटर धावणाऱ्याचे सोमवार, मंगळवार आणि कित्येकदा बुधवारही थकव्यात जातात. आठवड्यातला वेगाचा सराव मग अर्धामुर्धा होतो, आणि नडगी, गुडघा किंवा टाच दुखू लागली की सगळे वेळापत्रकच कोलमडते. मूळचे अमेरिकन आणि नॉर्वेत काम करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी सहनशक्तीच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या सरावसत्रांपैकी सुमारे ८० टक्के सत्रे कमी तीव्रतेची असल्याचे आढळले. जगातले सर्वांत वेगवान लोक सरावात इतका संयम ठेवतात, आणि आपल्यातले कित्येक जण मात्र रोजच मधल्या, ना धड संथ ना धड जलद अशा वेगाने धावून रोजच थकतात. मला स्वतःला हौशी धावपटूंच्या सरावातली ही सर्वांत घातक सवय वाटते, कारण थकवा आला म्हणजे सराव चांगला झाला, असा समज ती मनात घट्ट रुजवते.

आपण संथ धावतो आहोत हे ओळखावे कसे? सर्वांत खात्रीची कसोटी बोलण्याची आहे. धावता धावता शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे. वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त झाला आहे, मग मनगटावरचे घड्याळ काहीही सांगो. घड्याळाला मी कमी लेखत नाही, पण त्यात दिसणारा त्या क्षणाचा वेग दाट झाडांखाली, उंच इमारतींच्या कडेने किंवा उड्डाणपुलाखालून जाताना भरवशाचा राहत नाही. त्याऐवजी प्रत्येक पूर्ण किलोमीटरचा वेळ पाहावा. हृदयाच्या ठोक्यांवरून धावणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र फार ढोबळ आहे आणि एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकू शकते. शिवाय दीड-दोन तासांनंतर वेग तोच ठेवला तरी ठोके हळूहळू वाढतात, विशेषतः उकाड्यात. म्हणून लाँग रनच्या शेवटच्या तासात ठोके वाढलेले दिसले तर घाबरू नये. वेग मात्र थोडा कमी करावा.

आता आपल्या शहराच्या हवेविषयी. सप्टेंबरमध्ये नागपुरात पहाटेही हवा दमट असते, पाठोपाठ ऑक्टोबरचा उकाडा येतो आणि खरी सुखद पहाट नोव्हेंबरमध्ये सुरू होते. डिसेंबरच्या शेवटी पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि हवा कोरडी होते, म्हणजे लांब अंतर धावण्यासाठी जवळपास आदर्श स्थिती असते. उष्ण आणि दमट हवेत शरीर थंड ठेवण्यासाठी रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो, घाम सहज वाळत नाही आणि त्याच वेगासाठी हृदयाला अधिक काम करावे लागते. त्यामुळे सप्टेंबरमधला ८ मिनिटे २० सेकंदांचा किलोमीटर आणि डिसेंबरमधला ७ मिनिटे ५० सेकंदांचा किलोमीटर हे श्रमाच्या दृष्टीने सारखे असू शकतात. ज्यांना हे ठाऊक नसते ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आकडा गाठण्यासाठी जिवाचा आटापिटा करतात, आणि थंडी पडते तेव्हा त्यांचे पाय आधीच थकलेले असतात. उकाड्याच्या महिन्यांत श्रम कायम ठेवावेत आणि आकड्याला सवलत द्यावी. चढालाही हाच नियम लागू आहे. सेमिनरी हिल्सचा चढ आला की वेग पडू द्यावा, श्वासाची लय तीच ठेवावी, आणि उतारावर ती भरपाई मांड्यांवर जोर देऊन करू नये.

गटाने धावण्याचा प्रश्न थोडा नाजूक आहे. गटामुळे पहाटे साडेचारला उठणे जमते, अंधारात सोबत मिळते, नवख्यांना आणि विशेषतः महिलांना रस्त्यावर निर्धास्त वाटते. नागपुरात पळण्याची जी आवड वाढली आहे तिचे पुष्कळसे श्रेय अशा गटांनाच आहे. परंतु गटाचा वेग नकळत वाढत जातो, आणि मागे पडू नये म्हणून संथ धावणारे आपला लाँग रन शर्यतीसारखा धावतात. यावर सोपा उपाय आहे. निघतानाच उद्दिष्टानुसार दोन-तीन तुकड्या कराव्यात आणि प्रत्येक तुकडीचा वेग तिच्यातल्या सर्वांत संथ माणसाने ठरवावा. अंबाझरी ते फुटाळा परिसरात फेऱ्या मारत धावले, तर वेगवेगळ्या वेगाचे लोकही पाण्यासाठी एकाच ठिकाणी पुन्हा भेटू शकतात.

किती अंतर धावावे, यापेक्षा किती वेळ धावावे हा विचार हौशी धावपटूला अधिक उपयोगी पडतो. शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधर येथे २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि त्यांचा तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. त्यांचा वेग किलोमीटरला ३ मिनिटे ८ सेकंदांच्या आसपास पडतो. त्या वेगाचा धावपटू ३२ किलोमीटरचा सराव संथपणे केला तरी अडीच तासांच्या आत संपवतो. ८ मिनिटांच्या वेगाने धावणाऱ्याला त्याच अंतराला सव्वाचार तास लागतात. नामवंत खेळाडूंची वेळापत्रके जशीच्या तशी उचलण्यात हा धोका आहे. अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी लाँग रनसाठी अडीच तासांची मर्यादा सुचवली होती. ५ तासांत शर्यत पूर्ण करू पाहणाऱ्यांसाठी मला ती थोडी कमी वाटते. तीन ते सव्वातीन तासांपर्यंत जाणे योग्य ठरावे, मात्र ते काही निवडक रविवारीच. त्याहून अधिक वेळ रस्त्यावर राहिल्याने फायद्यापेक्षा झीज जास्त होते.

मग वेगाला जागा कुठे आहे? आठवड्यातून एकदा टेम्पो रन करावा, म्हणजे शर्यतीत सुमारे तासभर टिकवता येईल अशा वेगाने वीस-तीस मिनिटे धावावे. मानकापूरच्या क्रीडा संकुलासारख्या ठिकाणी ४०० मीटरचा ट्रॅक वापरता आला तर वेगाची अचूक जाण येते. आणि शेवटच्या दोन महिन्यांत, दोन-तीन आठवड्यांतून एकदा, लाँग रनचे शेवटचे ५ ते ८ किलोमीटर ठरवलेल्या शर्यतीच्या वेगाने धावावेत. थकलेल्या पायांना तो वेग कसा वाटतो, हे कळण्यासाठी इतके पुरते.

शर्यतीच्या दिवशी हाच संयम पहिल्या १० किलोमीटरमध्ये लागतो. समजा, ५ तासांचे उद्दिष्ट असलेला धावपटू सुरुवातीच्या उत्साहात किलोमीटरमागे २० सेकंद लवकर धावला, तर पहिल्या १० किलोमीटरमध्ये त्याचे ३ मिनिटे २० सेकंद वाचतील. पण त्यामुळे शेवटचे १० किलोमीटर त्याला चालत-पळत, १० मिनिटांच्या वेगाने पार करावे लागले, तर सुमारे २९ मिनिटे जातील. केल्विन किप्टमने ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोत २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा पूर्वार्ध ६० मिनिटे ४८ सेकंदांचा आणि उत्तरार्ध ५९ मिनिटे ४७ सेकंदांचा होता. आपल्याकडून उत्तरार्ध अधिक वेगवान होईलच असे नाही, परंतु दोन्ही अर्ध सारखे ठेवण्याचा प्रयत्न प्रत्येकाला करता येतो.

मुंबईला जाणाऱ्या नागपूरकरांनी आणखी एका गोष्टीची तयारी ठेवावी. आपण डिसेंबरमध्ये कोरड्या थंडीत धावलेलो असतो. मुंबईची जानेवारीतली पहाट तुलनेने उबदार आणि दमट असते, आणि पेडर रोडचा प्रसिद्ध चढ सामोरा येतो तोवर पुष्कळ अंतर कापून झालेले असते. नागपुरातल्या थंडीत जमलेला वेग तिथे तसाच टिकेल असे धरून चालू नये. पहिले काही किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा दहा-पंधरा सेकंद संथ ठेवावेत आणि मग हळूहळू त्या वेगावर यावे. ज्यांना सलग धावणे जड जाते त्यांनी सुरुवातीपासूनच ठरावीक अंतराने मिनिटभर चालावे. अमेरिकेचे माजी ऑलिम्पिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी लोकप्रिय केलेल्या या पद्धतीचा फायदा चालणे थकण्याआधी सुरू केले तरच मिळतो, आणि लाँग रनमध्ये तिचा सराव झालेला असला पाहिजे.

शर्यतीआधीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत एकूण अंतर टप्प्याटप्प्याने कमी करावे, जवळपास निम्म्यावर आणावे, पण वेगाची सवय मोडू देऊ नये. आठवड्यातून एकदा तीन-चार किलोमीटर शर्यतीच्या वेगाने धावून बाकीचे दिवस संथ आणि थोडेच धावावे. या काळात पाय हलके वाटू लागतात आणि एखादा मोठा रन उरकून घेण्याचा मोह होतो. त्या वेळी केलेल्या मोठ्या रनचा फायदा शर्यतीपर्यंत मिळत नाही, थकवा मात्र मुंबईपर्यंत सोबत येतो.