ग्वाल्हेरचे मोहल्ले लावायचे कसे?

(किल्ल्यावरून दिसणारं शहर, सकाळ)

ग्वाल्हेर महापालिकेचे ६६ वॉर्ड आहेत. यादी मिळते, नकाशा पण मिळतो, पण ती यादी घेऊन शहरात फिरा, आपण अमुक नंबरच्या वॉर्डात राहतो असं सांगणारा माणूस फक्त निवडणुकीच्या दिवसांत भेटेल. बाकी वर्षभर लोक म्हणतात जनकगंज, कंपू, हजीरा, सात नंबर चौराहा. बरं, जनकगंज नेमकं संपतं कुठे असं विचारलंत तर सगळे हात करून दाखवतात आणि प्रत्येकाचा हात वेगळ्याच गल्लीकडे जातो.

पिनकोडनं लावून बघितलं. लष्कर ४७४००१, मुरार ४७४००६, सिटी सेंटर ४७४०११. पोस्टमनसाठी ठीक आहे, पण ४७४०११ मध्ये थाटीपूरचे सरकारी क्वार्टर पण येतात आणि सिटी सेंटरची हॉटेलं, कोचिंग क्लास पण, आता ह्या दोघांना एका पानावर ठेवून काय कळणार? अकारविल्हे लावलं तर आनंद नगरच्या खाली इंदरगंज येतं, एक बहोडापूरकडे आणि एक भर लष्करात.

म्हणून इथे आम्ही मोहल्ले लावतोय ते कोण येऊन बसलं आणि कशासाठी बसलं ह्यावरून. फौज, बाजार, छावणी, गिरणी, कचेरी. काही वस्त्या दोन खान्यांत जातात, जाऊ देत.

(नकाशा: मधे किल्ला, तीन गावांचे तीन रंग, शिवाय राखाडी)

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, हे एक शहर नव्हतंच, तीन होती. मधे हा किल्ला, जवळजवळ तीन किलोमीटर लांब, त्याला वळसा घातल्याशिवाय इकडचा माणूस तिकडे जात नाही. किल्ल्याच्या पायथ्याला उत्तर-पूर्वेकडे जुनं ग्वाल्हेर, दक्षिणेला लष्कर, आणि रेल्वे लाइन ओलांडून पूर्वेला मुरार. आजही जुनी माणसं मुरारहून बाड्यावर, म्हणजे लष्करच्या महाराज बाडा चौकात, खरेदीला निघाली की "लष्करला जातोय" असंच म्हणतात, जसं काही गावाला निघालेत.

जुनं ग्वाल्हेर म्हणजे किलागेट, घासमंडी, हजीरा. मानसिंह तोमरांचा गूजरी महाल इथेच, सूफी संत महंमद गौस आणि तानसेन ह्यांच्या कबरी पण इथेच. शिंदे यायच्या कितीतरी आधीपासूनची वस्ती, गल्ल्या अरुंद, आणि खरं सांगायचं तर टूरिस्ट येतात, कबर बघतात, फोटो काढतात नि जातात, शेजारच्या मोहल्ल्यात कुणी शिरत नाही.

(महाराज बाडा, गर्दी, मग आतल्या गल्ल्या)

आता लष्कर, इथे जरा थांबू. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला तो परत हललाच नाही. तंबूंच्या जागी वाडे झाले, वाड्यांभोवती बाजार झाले, आणि ज्या सरदाराचा मुक्काम जिथे होता तिथे त्याचं नाव चिकटलं. म्हणून इथे पाटणकर बाजार आहे, फालका बाजार आहे, चिटणीस की गोठ आहे, शिंदे की छावनी आहे. दौलतगंज, जनकगंज, माधवगंज, जीवाजीगंज ही तर राजघराण्याची वंशावळच झाली, फक्त एक सांभाळा, ज्याचं नाव आहे वस्ती त्याच्याच काळातली असं धरून चालू नका, नावं मागाहूनही दिली जातात.

कंपू पण फौजेचंच. शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणायचे. आज तिथे जयारोग्य हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेज आहे, त्यामुळे आसपास औषधांची दुकानं, लॅब आणि पेशंटचे नातेवाईक, पलटणीची आठवण कुणाला असणार.

फौज बसली की तिला खायला घालणारे येतात. बाड्यापासून थोडं इकडे तिकडे गेलं की दाल बाजार, लोहिया बाजार, सराफा, टोपी बाजार, दानाओली, ह्यांना आम्ही दुसऱ्या खान्यात टाकलंय कारण इथे सरदार नाही, माल महत्त्वाचा. दाल बाजारात आजही धान्य-किराण्याचा ठोक धंदा चालतो, दुपारी तिथून गाडी काढून दाखवा.

मराठी घरं मुख्यतः ह्याच पट्ट्यात होती. दौलतगंज, जनकगंज, चिटणीसांची गोठ, पुढे ढोलीबुवाच्या पुलाकडे. ढोलीबुवांचा मठ ही ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची खूण, आणि गंमत बघा, डिसेंबरात तानसेन समारोह होतो तो किल्ल्याच्या पलीकडे हजीऱ्याला, पण त्याची सुरुवात लष्करच्या ढोलीबुवांच्या हरिकथेनं होते आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं वाचन, पण होतो. गाण्याच्या बाबतीत हे तीन गावांचं वाटप कुणी मानलं नाही. जीवाजीगंजात सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांचं घर, तिथे आता सरोद घर हे म्युझियम. गायक कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये गंधर्व महाविद्यालय काढलं ते लष्करातच. शिंदे की छावनीत कमलसिंह का बाग म्हणून मोहल्ला आहे, अटलबिहारी वाजपेयींचा जन्म १९२४ चा, तिथला.

आता ही मराठी घरं पांगली. वाडे भावाभावांत वाटले गेले, एका वाड्यात चार किचन झाले, कार लावायला जागा नाही, मग मुलं चेतकपुरी, वसंत विहार, विनय नगरला गेली. आजी मात्र अजून पत्ता सांगताना गोठच सांगते.

(मुरार, रुंद रस्ते)

मुरार इंग्रजांची छावणी. १८४३ च्या डिसेंबरात इंग्रज आणि शिंद्यांच्या फौजांत महाराजपूर आणि पनियारच्या लढाया झाल्या, त्यानंतरच्या तहानं ग्वाल्हेर कंटिंजंट म्हणून इंग्रजांच्या हाताखालची फौज उभी राहिली आणि ती इथे मुरारला. हीच फौज १८५७ ला उलटली. १८८६ मध्ये किल्ला आणि मुरार इंग्रजांकडून शिंद्यांना परत मिळालं. आजही मुरारचा एक भाग कँटोन्मेंटचा आहे, तो महापालिकेच्या ६६ मध्ये मोजतच नाहीत, म्हणजे वॉर्डाची यादी धरून बसलो असतो तर शहराचा एवढा तुकडा हातातून सुटला असता.

(बिरला नगर)

गिरणीचा खाना छोटा आहे पण सगळ्यात स्पष्ट. बिरला नगरची जेसी मिल, म्हणजे जियाजीराव कॉटन मिल. कामगारांसाठी ओळीनं घरं बांधली, त्यामुळे पत्ता असतो लाइन नंबर एक, लाइन नंबर दोन. गिरणी नव्वदच्या दशकात बंद पडली, लाइन नंबर राहिले.

कचेरीवाल्यांचं थाटीपूर. १९४८ ते ५६ ग्वाल्हेर मध्य भारताची हिवाळ्यातली राजधानी होती, उन्हाळ्यात कारभार इंदूरला जायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानी भोपाळ झाली, पण महसूल मंडळ, परिवहन आणि आबकारी आयुक्तांची ऑफिसं इथे राहिली, मग त्यांच्या बाबूलोकांना क्वार्टर लागणारच.

सिटी सेंटर, डीडी नगर, शताब्दीपुरम ह्यांना कुठल्याच खान्यात बसवता येत नाही. इथे कुणी एका कामासाठी आलं नाही, प्लॉट मिळाला म्हणून आले. ह्यांचा रंग नकाशात राखाडी ठेवलाय, तुम्ही तिथे राहत असाल तर राग मानू नका.

आणि थाटीपूरच्या जुन्या क्वार्टरांच्या जागी हाउसिंग बोर्डाची रीडेन्सिफिकेशन योजना (जुनं पाडून त्याच जागेत जास्त दाट बांधायची) आलीय, तिथे दुकानं आणि फ्लॅट उभे राहिले की तो तुकडा कचेरीच्या खान्यातून काढून राखाडीत टाकावा लागेल.