काच निवू द्या

मघाशी माझी ओळख ‘काचेचे अभ्यासक’ अशी करून दिली. तसं काही नाही हो. शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि परीक्षानळ्या फोडणाऱ्या पोरांवर ओरडलो, एवढाच माझा काचेशी संबंध. मुलीकडे अमेरिकेला गेलो असताना न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावचं काचेचं संग्रहालय पाहिलं. तिथे भट्टीसमोर बसून काचकाम बघता येतं आणि वेगळे पैसे भरले की स्वतःही करून पाहता येतं.

काच फुंकणारा म्हटलं की आपल्याला गाल फुगवलेला माणूस दिसतो. खरं तर फुंकर अगदी थोडी. आजीची चुलीपुढची फुंकणी आठवा. तशीच, पण चांगली चार-पाच फूट लांबीची पोलादी नळी. तिचं टोक भट्टीत बुडवून फिरवायचं, की काच गुंडाळली जाते. अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास ती काकवीसारखी असते, बाहेर काढताच ओघळायला बघते. म्हणून नळी सतत फिरती ठेवायची. बाकावर बसायचं आणि दोन आडव्या दांड्यांवर ती तळहातानं पुढे-मागे लाटायची. थांबलात की गोळा कललाच. आणि आकार द्यायला तिथल्या कारागीर बाईंनी हातात काय घेतलं असेल? ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी! चर्र आवाज, जळक्या कागदाचा वास, आणि बाई निवांतपणे तो लालबुंद गोळा तळहातावर घोळवताहेत. कागद भिजलेला, त्यामुळे मध्ये वाफेचा पडदा धरतो, एवढंच.

माझाही एक गोळा झाला. मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, “उद्या या.” जावईबापूंचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण परतीचा रस्ता लांबचा होता.

पण बाईंचं बरोबर होतं. काच उघड्यावर निवली तर वरचा थर आधी कडक होतो. आतला नंतर आकसायला लागतो, तेव्हा वरचा त्याला जागा देत नाही. ही ओढाताण काचेच्या अंगात राहते आणि एखाद्या दिवशी कपाटातला पेला हात न लावता तडकतो. म्हणून वस्तू पाचशे अंशांच्या आसपास तापलेल्या पेटीत ठेवतात आणि ती रात्रभर सावकाश निववतात.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता, त्यांना वेगळं सांगायला नको. तापलेल्या काचेवर पागोळीचा एक थेंब पडला, की तड! अमेरिकेतल्या रेल्वेच्या कंदिलांचंही पाऊस-बर्फात हेच व्हायचं. त्यावर उपाय म्हणून कॉर्निंगच्या कारखान्यानं तापल्यावर फारशी न फुगणारी काच काढली. 1913 साली तिथले शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांनी अशा काचेच्या बॅटरीच्या बरणीचं बूड कापून घरी नेलं. त्यांच्या पत्नी बेसी यांनी त्यात चक्क केक भाजला. त्यातूनच 1915 पासून पायरेक्सची भांडी बाजारात आली. आमच्या प्रयोगशाळेत फुटायची ती हीच काच. पोरांपुढे पायरेक्सचंही काही चालत नाही.

संग्रहालयात एक प्रचंड तबकडी उभी आहे. दोनशे इंच, म्हणजे जवळजवळ सतरा फूट व्यासाची. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीच्या आरशासाठी मार्च 1934 मध्ये ती ओतली. हजारो लोक बघायला आले होते आणि सगळ्यांच्या देखत साच्यातले ठोकळे सुटून वितळलेल्या काचेवर तरंगायला लागले. म्हणून डिसेंबरात दुसरी तबकडी ओतली, ती निववायला सुमारे दहा महिने लागले. मधे गावात पूर आला, विजेची यंत्रं हलवावी लागली. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि जावईबापूंना म्हटलं, “आपल्याला एक रात्रच थांबायचंय.”

तो गोळा आज बरोबर आणलाय. मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, फक्त जपून. डावीकडे कललाय, कारण मी मधेच नाक खाजवायला थांबलो होतो.