कॅल्शियम नॉर्मल, तरी मनगट मोडलं

(दृश्य: पहाटेचं स्वयंपाकघर. साठीतल्या बाई वरच्या फळीवरचा डबा काढू पाहतात. हात पुरत नाही.)

फळी आहे तिथेच आहे, यांची उंची कमी झाली आहे. मणके आतून दबत जातात, कित्येकदा दुखतही नाहीत. मग एक दिवस ओल्या फरशीवरून पाय सरकतो, तोल सावरायला हात टेकला जातो आणि मनगट मोडतं. घरात जुने रिपोर्ट काढले जातात. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल!

यावर विसंबू नका. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात ते जरा कमी पडलं, की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढायला लावतात. हाड झिजत राहतं, रिपोर्ट चांगलाच येतो.

पन्नाशीनंतर साध्या पडण्यानं हाड मोडलं, तर प्लास्टर निघालं म्हणून विषय संपवू नका. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी, करून घ्या. तिच्यातला टी-स्कोअर निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत तुमची घनता किती, ते सांगतो. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. जागतिक आरोग्य संघटनेचा हा निकष १९९४ सालचा.

(दृश्य: हाडाचा सूक्ष्म छेद.)

हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड पोखरतात, काही नवं भरतात. पोखरायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला तीन-चार महिने लागतात. पाळी गेली, इस्ट्रोजेन घटलं, की पोखरणाऱ्यांना आवर राहत नाही. हा संबंध हार्मोनतज्ज्ञ फुलर ऑलब्राइट यांनी अमेरिकेत १९४१ साली मांडला होता.

पोखरताना कोलॅजनचे, म्हणजे हाडातल्या प्रथिनाचे, तुकडे रक्तात उतरतात, ते सीटीएक्स. नवं कोलॅजन तयार होताना सुटतो तो तुकडा पीवनएनपी. दोन्ही रक्ततपासणीत मोजता येतात. सीटीएक्ससाठी रक्त सकाळी उपाशीपोटीच द्यावं, खाल्ल्यावर आकडा घसरतो. हाड नुकतंच मोडलं असेल, तर दोन्ही आकडे काही महिने चढलेले राहतात.

या आकड्यांवरून निदान होत नाही. ते कामाला येतात औषध सुरू झाल्यावर. झीज थांबवणाऱ्या गोळीचा फरक डेक्सावर दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात. तेवढ्यात कितीतरी बायका कंटाळून गोळी सोडतात, याचं फार वाईट वाटतं. सीटीएक्स तीन महिन्यांतच खाली आलेला दिसतो. गोळी लागू पडतेय, हे बाईंना तेव्हाच सांगता येतं.

(दृश्य: तेच स्वयंपाकघर. बाई उभ्यानं पेलाभर पाण्यासोबत आठवड्यातून एकदा घ्यायची ती झीज थांबवणारी गोळी घेतात.)

आता अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहाही त्यानंतरच.