मोकळ्या प्लॉटचा धूर

अध्यक्ष महोदय, बंधू-भगिनींनो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘औद्योगिक जमीन, आर्थिक वाढ आणि कार्बन उत्सर्जन’. माझं म्हणणं मात्र एका ओळीचं आहे. मोकळा पडलेला प्लॉटसुद्धा धूर सोडतो. बत्तीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस हे सांगतोय, तेव्हा धुराच्या बाबतीत तरी माझ्यावर विश्वास ठेवा.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. ठाण्याची वागळे इस्टेट, मग पिंपरी-चिंचवड, भोसरी. या सभागृहातल्या निम्म्या घरांची चूल त्या जमिनींवर पेटली असेल. माझीही त्यातच. म्हणून कारखान्याला जमीन देऊ नका, असं मी कधीच म्हणणार नाही. दिलेल्या जमिनीचं पुढे काय झालं, एवढंच मला विचारायचंय.

आता माझ्या मामांची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला हा विषय बोलताच येत नाही. मामांची साडेतीन एकर जमीन होती, विहिरीसकट. काळी जमीन, ज्वारी-हरभऱ्याची. विहिरीचं पाणी मार्चपर्यंत पुरायचं. १९९४ साली नोटीस आली. मोबदला मिळाला, त्यात मामेबहिणीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. घरटी एकाला नोकरी, असं तोंडी सांगितलेलं होतं. जमीन गेल्याचं मामांना फारसं दुःख नव्हतं, खरंच नव्हतं. ते म्हणायचे, पोरगं कंपनीत लागेल, पावसाच्या तोंडाकडे बघायला नको.

रस्ते झाले, दिव्याचे खांब आले, पाण्याची लाइन आली. मामांच्या शेतावर प्लॉट पडला, तो कुणीतरी घेतला, तारेचं कुंपण घातलं, बोर्ड लावला. आणि मग सतरा वर्षं काहीच नाही! आत वेडी बाभूळ माजली. कुंपणाच्या फटीतून मामा शेळ्या सोडायचे, स्वतःच्याच शेतात, चोरून. मी सुट्टीला गेलो की विचारायचे, “इंजिनेर, ज्वारीला चार महिने लागतात. तुमच्या कारखान्याला उगवायला किती पाऊस लागतो?” याला काय उत्तर देणार? मी विहिरीकडे बघत बसायचो. तिचा काठ तेव्हा अजून शाबूत होता.

मामेभावाला नोकरी लागली, पण दुसऱ्या एमआयडीसीत, ४६ किलोमीटरवर. रोज जाऊन-येऊन ९२ किलोमीटर, मोटारसायकलवर. लिटरला पन्नासचं ॲव्हरेज धरा, एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाला तीनशे दिवस. सव्वा टनाच्या वर जातं. एका माणसाचं, एका प्लॉटमुळे. हा धूर कुठल्याच चिमणीतून निघत नाही, म्हणून तो कुणाच्या कागदावर चढत नाही.

हे एकट्या मामांच्या गावचं नाही. सेझ, म्हणजे उद्योगांसाठीची विशेष आर्थिक क्षेत्रं, त्यांच्याबद्दलचा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, अहवाल २०१४ साली संसदेत आला. देशभर सेझसाठी सुमारे ४५,६०० हेक्टर जमीन अधिसूचित झाली, त्यातल्या सुमारे २८,५०० हेक्टरवरच काम सुरू झालं होतं. आपल्याकडे पेणच्या बाजूला सेझला जमीन द्यायची का, यावर २००८ मध्ये २२ गावांत जनमत घेतलं गेलं. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली भाताची जमीन होती ती. जमीन देणार नाही म्हणणाऱ्यांना विकासविरोधी म्हटलं गेलं, याचा मला आजही राग येतो. धरणाचं पाणी मिळणारी जमीन वाचवणं यात विरोध कसला?

चिठ्ठी आली, सात मिनिटं राहिलीत. मुख्य मुद्दा तर पुढेच आहे, भरभर सांगतो.

पहिली गोष्ट, नवी वसाहत म्हणजे नवं सिमेंट. सिमेंटसाठी शंभर किलो चुनखडी भट्टीत भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच सुटतो, कोळशाचा वेगळा. जुन्या वसाहतीतले रस्ते अर्धे रिकामे असताना दहा किलोमीटरवर तसेच रस्ते बांधणं म्हणजे हा धूर दुसऱ्यांदा काढणं.

दुसरी, वाढ येते ती शेजारातून. भोसरीतला गाळेवाला सकाळी बनवलेला पार्ट दुपारी टेम्पोने पोचवतो, नापास झाला तर संध्याकाळी दुरुस्त करून देतो. पैसा तिथे फिरतो. हाच गाळा दूर टाकला की लिटरला २.७ किलोच्या हिशेबाने डिझेलचा धूर वाढतो आणि ऑर्डरही रेंगाळते.

तिसरी वाफेची, माझ्या जिव्हाळ्याची. डेन्मार्कमध्ये कालुंडबोर्ग गाव आहे. १९७० च्या दशकापासून तिथल्या कारखान्यांनी एकमेकांची टाकाऊ चीज वापरायला घेतली. वीज केंद्राची वाफ शेजारच्या तेलशुद्धीकरण आणि औषध कारखान्याला गेली, उष्णता गावातल्या घरांना, आणि तिथलं जिप्सम भिंतीचे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला. हे जमलं कारण सगळे खेटून होते. वाफ लांब नेली की वाटेतच निवते. आपल्याकडे प्लॉट देताना शेजारी कोण, त्याची वाफ कुणाला चालेल, हे मी माझ्या नोकरीत एकदाही विचारलेलं पाहिलं नाही.

एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतो आणि ठराविक मुदतीत बांधकाम करायचं असतं. ही मुदत कसोशीने पाळायला लावा. मोकळे प्लॉट परत घ्या, बुटक्या शेडवर मजले चढू द्या, आणि तोवर नव्या बागायतीला हात लावू नका. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही पाच वर्षं न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा भूमी बँकेला परत जावी, असं कलम आहे. मामांची जमीन फार आधी गेली, त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

दुसरी चिठ्ठी आली, थांबतो. मागच्या टेबलावर आपल्या तालुक्यातल्या औद्योगिक वसाहतीचा नकाशा पसरून ठेवलाय, शेजारी पेन्सिल आहे. ज्यांना मोकळा प्लॉट माहीत असेल त्यांनी खूण करा, आणि किती वर्षांपासून मोकळा आहे तेही लिहा. सोमवारी मी तो घेऊन कचेरीत जाणार आहे.