आधी श्वास सोडा

(दृश्य: मालवणचा किनारा, सकाळ. होडीवर हवेच्या टाक्या चढवल्या जात आहेत.)

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अवतीभवती पाण्यात खडकच खडक आहेत. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं, तेव्हा शत्रूच्या जहाजांना धाक होता तो याच खडकांचा. आज त्यांच्यावर प्रवाळ आहे, प्रवाळामुळे मासे आहेत, आणि ते मासे पाहायला लांबलांबून माणसं येतात. त्यांतल्या अनेकांना पोहता येत नाही. स्कूबा डायव्हिंगसाठी, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली फिरण्यासाठी, गाइड त्यांना हाताशी धरून काही मीटर खाली नेतो. “घाबरा नकात, मी आसंय,” असा धीरही देतो.

पण धीर दिला म्हणून भीती जात नाही. ती छातीत बसलेली असते, आणि तिला उठवायचं तर सुरुवात श्वासापासूनच करावी लागते.

(दृश्य: होडीची शिडी धरून पाण्यात उभी असलेली तरुणी. डोळ्यांवर मास्क, तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासासाठी देणारं उपकरण.)

हिचे खांदे बघा, भराभर वरखाली होताहेत. हवा कमी पडतेय असं तिला वाटतंय. टाकीत तर हवा भरपूर आहे. साधारण अकरा लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) सुमारे २,२०० लिटर हवा मावते. शुद्ध ऑक्सिजन नव्हे, आपण एरवी घेतो तीच साधी हवा. सहा मीटर खोलीवर शांतपणे श्वास घेणाऱ्याला मिनिटाला तीसेक लिटर लागते. घाबरून दुप्पट वापरली, तरी अर्धा तास पुरेल.

मग जीव का गुदमरतो? घाबरलेला माणूस श्वास घेत राहतो, पण पुरता सोडत नाही. छोट्या छोट्या श्वासांत श्वासनलिकेतली वापरलेली हवाच आतबाहेर होते आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. ‘हवा हवी’ अशी ओरड मेंदू करतो ती मुख्यतः त्या साठ्यामुळे. अशा वेळी आणखी जोराने हवा ओढली की धाप वाढतेच. उपाय उलटा आहे: आधी श्वास सोडा. सावकाश, लांब, बुडबुडे संपेपर्यंत. पुढचा श्वास मग आपसूक खोल येतो.

(दृश्य: तरुणीचा चेहरा पाण्याखाली. बुडबुड्यांची लांब माळ.)

हे होडीवर ऐकून जमत नाही, शिडीशी करून पाहावं लागतं. नाक मास्कमध्ये बंद, श्वास फक्त तोंडाने. शरीराला याची सवय नसते. म्हणून डोकं पाण्याबाहेर ठेवून काही श्वास, मग चेहरा बुडवून काही, आणि मगच खाली. हंगामात मागे दुसरी होडी थांबलेली असते, घाई केली जाते. तरीही ही पाच मिनिटं मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि चांगला गाइड ती न मागता देतो.

मास्कमध्ये पाणी शिरलं की पुष्कळ जण बिथरतात. नाकाला पाणी लागताच मास्क ओरबाडून काढावासा वाटतो. त्याऐवजी मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, मान किंचित वर करायची आणि नाकाने हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं. उथळ पाण्यात हे दोनदा जमलं की चेहऱ्यावरचा ताण उतरलेला स्पष्ट दिसतो. आत्मविश्वास म्हणतात तो मला इथे दिसतो.

(दृश्य: गाइड नाक चिमटीत धरून दाखवतो. तरुणी तसंच करते.)

कानांचंही तसंच. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, पण कानांना पहिल्या काही मीटरांतच जास्त जाणवतं. म्हणून दुखायच्या आधीच नाक दाबून हलकेच फुंकायचं, आणि उतरताना पुन्हा पुन्हा. कान मोकळे होत नसतील तर थोडं वर यायचं. जोर लावायचा नाही. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नये, पैसे भरलेले असले तरी.

हातांच्या खुणाही आधीच पक्क्या करा. अंगठा वर केला की पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’. छान वाटतंय म्हणून आनंदाने अंगठा दाखवणाऱ्याला गाइड वर घेऊन येतो! ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. खरंच वर यायचं असेल, तर मात्र संकोच न करता अंगठा दाखवा. कधीही वर येता येतं हे ठाऊक असलेला माणूस खाली निवांत राहतो.

(दृश्य: पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा. तरुणीचे हात आता स्थिर आहेत.)

वर येताना श्वास कधीच रोखायचा नाही. दाब कमी होत जातो तशी फुप्फुसांतली हवा फुगते. ती कोंडली तर उथळ पाण्यातही फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून सावकाश, श्वास चालू ठेवत वर यायचं.

(दृश्य: पृष्ठभाग. लाटा, होडीची शिडी.)

डोकं पाण्याबाहेर आलं की सगळ्यांना रेग्युलेटर काढून बोलायचं असतं. तेवढं थांबा. लाट तोंडावर येते, पाणी घशात जातं आणि खाली शांत असलेला माणूस वर येऊन धडपडतो. आधी अंगातल्या, हवा भरून तरंगवणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरून घ्या, तरंगत राहा, आणि शिडी चढून होडीत बसेपर्यंत रेग्युलेटर तोंडातच असू द्या.