समीक्षेचे आरोपपत्र होते तेव्हा

रसिकहो, जीव वाचवण्यासाठी आपल्याच लेखनाचा जाहीर धिक्कार करणाऱ्याला दोष द्यायचा का, या मुलीच्या प्रश्नावरून गेल्या आठवड्यात आमच्या घरी रात्रीच्या जेवणावर मोठा वाद झाला. ती विद्यापीठात मध्य आशियाचा इतिहास शिकते आणि बोलत होती ती सोव्हिएत काळातले कझाक लेखक मुख्तार औएझोव यांच्याविषयी. १९२७ मध्ये त्यांनी कझाक साहित्याचा इतिहास लिहिला, १९३० मध्ये त्यांना अटक झाली आणि १९३२ मध्ये पूर्वीच्या विचारांचा त्याग करणारे त्यांचे पत्र वृत्तपत्रात छापून आले. त्याच वर्षी ते सुटले.

त्यांच्या आधी अख्मेत बायतुरसिनुली यांनी १९२६ मध्ये कझाक साहित्यशास्त्राचा पहिला ग्रंथ सिद्ध केला होता. लोकगीतांतल्या आणि थोर कझाक कवी आबाई यांच्या ओळी घेऊन कवितेची घडण कशी ओळखावी, हे त्यांनी आपल्या लोकांना आपल्याच परिभाषेत शिकवले. १९३७ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि १९८८ पर्यंत त्यांचे नाव जवळजवळ पुसलेले राहिले. त्यातच १९२९ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन आली, १९४० मध्ये सिरिलिक; आजोबांचे पुस्तक घरात असले, तरी नातवाला ते वाचता येईना.

सोव्हिएत राजवटीत कविता कशी आहे, हा प्रश्न मागे पडला. कवी कोणत्या वर्गाचा, एवढेच विचारले जाऊ लागले. 'बूर्ज्वा राष्ट्रवादी' हा शेरा निवाड्यासारखा वापरला जाई. साकेन सेयफुल्लिन तर कट्टर कम्युनिस्ट कवी, पण १९३८ मध्ये त्यांनाही मारले. १९४७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने ठराव करून भाषा आणि साहित्य संस्थेला धारेवर धरले, आणि पुढे इस्माइलोव, जुमालियेव हे समीक्षकच तुरुंगात गेले. 'सोव्हिएत देश' या नियतकालिकाच्या गुळगुळीत पानांची कव्हरे वह्यांना घालणाऱ्या आपल्या पिढीपर्यंत ही नावे तेव्हा पोचलीच नाहीत.

दोष औएझोव यांचा नव्हे, असे मी मुलीला ठामपणे सांगितले. त्यावर तिने विचारले, "मग त्या पत्रानंतर त्यांनी लिहिलेल्यातले मनापासूनचे कोणते, हे वाचकाने ओळखायचे कसे?" याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

मात्र आपल्या मराठी मंडळाविषयी एक गोष्ट प्रेमाने सांगते. आपल्यावर कोणाचाही धाक नाही. तरीही आपल्या स्मरणिकेत प्रत्येक कविता 'अप्रतिम' असते आणि चुकून कोणी उणे दाखवलेच, तर पुढच्या गणेशोत्सवात त्याच्याशी बोलणे टाळले जाते. आपली मुले मराठी वाचतीलही. पण एखादी कविता कुठे फसली, हे मराठीत सांगू शकेल असे त्यांच्यात कोणी उरेल का, याची मला खरोखर काळजी वाटते.