शेजारच्या कुंपणाची उंची

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबरात इथे इंग्लंडमध्ये दुपारी चारलाच अंधारून येतं. त्यात स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांच्या झाडांचं पंधरा फुटी कुंपण असेल, तर भरदुपारीही दिवा लावावा लागतो. खिडकीतली तुळस झुरते, आणि आपणही.

हे झाड बहुधा लेलँडी असतं. १८८८ साली वेल्समध्ये, वेल्शपूलजवळच्या लेटन हॉलच्या बागेत सायप्रसच्या दोन जातींचा संकर झाला, त्यातून ते आलं. वर्षाला जवळजवळ मीटरभर वाढतं. शेजाऱ्यांनी लावलं ते आडोशासाठी; दोन-तीन वर्षं छाटणी राहिली की हाताबाहेर जातं.

१ जून २००५ पासून इंग्लंडमध्ये अशा कुंपणाविरुद्ध काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे, तक्रार करता येते. कुंपण दोन मीटरपेक्षा उंच हवं, ओळीत किमान दोन झाडं हवीत आणि ती मुख्यतः सदाहरित हवीत. हिवाळ्यात पानं वाळणारं बीचचं कुंपण यात बसत नाही. मुळांच्या त्रासाची तक्रारही यात बसत नाही. काउन्सिल उंची कमी करायला सांगू शकते, पण दोन मीटरच्या खाली नाही, आणि झाडं उपटायलाही सांगत नाही. आदेश न पाळल्यास १,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. फी मात्र तक्रारदारानेच भरायची. ती प्रत्येक काउन्सिल स्वतः ठरवते, आणि बऱ्याच ठिकाणी ती शेकडो पाउंडांत जाते.

काउन्सिल मध्यस्थी करायला येत नाही, निर्णय द्यायला येते. आधी तुम्ही स्वतः काय प्रयत्न केलेत, हे ती विचारते. केले नसतील, तर तक्रार परतही पाठवू शकते. मला हे अगदी योग्य वाटतं. आपल्याकडे 'उगाच वाईटपणा कशाला' म्हणत वर्षानुवर्षं गप्प बसतात, आणि मग एक दिवस शेजाऱ्यांच्या हाती थेट काउन्सिलचं पत्र पडतं. त्यांना त्रासाची कल्पनाही नसते. नंतर कुंपण उतरतं, पण बोलणं कायमचं तुटतं.

तेव्हा आधी तोंडी बोला. जमलं नाही तर तारीख घालून साधं पत्र लिहा, प्रत जपून ठेवा. आणि हे थंडीतच करा. मार्च ते ऑगस्ट पक्षी घरटी करतात. वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं हा गुन्हा आहे, त्यामुळे छाटणी शरदापर्यंत लांबते.

या शनिवारी त्यांना दुपारी दोनला चहाला बोलवा. स्वयंपाकघरातच, त्या खिडकीपाशी बसवा. आणि दिवा लावू नका.